गाठींमागचे पिल्लू घरी येते तेव्हा

मांजराचे पिल्लू घरी आणण्याची वेळ ठरवताना दोन पंचांगे जुळवावी लागतात. एक पिल्लाच्या वयाचे आणि दुसरे घराचे. पहिले जगभर सारखेच असते, कारण डोळे कधी उघडतात, दूध कधी सुटते आणि आईकडून मिळालेली रोगप्रतिकारशक्ती कधी ओसरते हे गाव पाहून बदलत नाही. दुसरे मात्र घरागणिक वेगळे. घरात दिवसभर कोण असते, काय शिजते, सण कोणते, कामाची धावपळ कोणत्या महिन्यात, उन्हाळा किती कडक, या सगळ्यांवर ते ठरते. नागपुरातल्या गांधीबागेत हे दुसरे पंचांग बाजाराशी बांधलेले आहे, म्हणून इथे पिल्लू आणण्याचा विचार बाजार बाजूला ठेवून करता येत नाही.

गांधीबाग म्हणजे सेंट्रल अव्हेन्यूला लागून असलेली, इतवारी आणि महाल यांच्या शेजारची कापडाच्या घाऊक व्यापाराची वस्ती. जुन्या इमारतींत खाली दुकान, मागे किंवा वर गोदाम आणि त्याच्यावर बिऱ्हाड अशी रचना अजून दिसते. गल्ल्या अरुंद, गच्च्या एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या. पलीकडे इतवारीत किराणा आणि धान्य. कापडाच्या गाठी, पोत्यांच्या थप्प्या आणि त्यांना लागलेले उंदीर असल्यावर मांजरेही येतातच. माणूस आणि मांजर यांचे नाते मुळात असेच जुळले. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, धान्य साठू लागले, उंदीर आले आणि त्यांच्या मागोमाग रानमांजर वस्तीत शिरले. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दफनाजवळ साधारण आठ महिन्यांच्या मांजराचा सांगाडा मिळाला आहे. तो जाणूनबुजून पुरलेला होता, आणि मूळचे मांजर त्या बेटावर नव्हते, म्हणजे कुणीतरी ते होडीतून आणले होते.

गांधीबागेसारख्या वस्तीत मांजर बहुधा विकत आणले जात नाही, ते सापडते. गोदामात तागे हलवताना गाठींच्या मागे चार पिल्ले दिसतात आणि ‘यांचे काय करायचे’ हा प्रश्न त्याच दिवशी उभा राहतो. बऱ्याचदा उत्तरही त्याच दिवशी दिले जाते. एखादे पिल्लू वरच्या घरातली मुले उचलून नेतात, उरलेली खोक्यात घालून बागेत किंवा दुसऱ्या मोहल्ल्यात सोडली जातात. ही घाईच सर्वांत घातक आहे. दोन आठवड्यांचे पिल्लू आईपासून तोडले तर ते जगण्याची शक्यता फार कमी. तेच पिल्लू आठ-दहा आठवड्यांनी उचलले तर ते घरातले निरोगी, माणसाळलेले मांजर होते. फरक फक्त थांबण्याचा असतो.

पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे वजन सुमारे १०० ग्रॅम असते, डोळे आणि कान बंद असतात. डोळे सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान उघडतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्याला स्वतःच्या शरीराची ऊब राखता येत नाही, लघवी-शीसुद्धा आईने चाटल्याशिवाय होत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात समोरचे दुधाचे दात येतात, पाय स्थिर होतात आणि ते आईच्या ताटलीत तोंड घालू लागते. दूध सुटण्याची क्रिया इथून सुरू होते आणि सात-आठ आठवड्यांपर्यंत चालते. आईकडून मिळणारे शिक्षण मात्र त्यानंतरही संपत नाही. किती जोरात चावले की भाऊ किंचाळतो, नखे कधी आत घ्यायची, भीती वाटली तर कुठे दडायचे, हे ते भावंडांशी झटापट करत शिकते. एकटे वाढलेले पिल्लू हे सगळे माणसाच्या हातावर शिकते, आणि त्या हाताला ओरखडे येतात.

या बाबतीत दोन अभ्यास महत्त्वाचे आहेत. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८० च्या दशकात पिल्लांना माणसाच्या हाताची सवय केव्हा लागते याचे प्रयोग केले. तिसऱ्या आठवड्यापासून रोज हाताळलेली पिल्ले सातव्या आठवड्यापासून हाताळलेल्यांपेक्षा माणसाजवळ अधिक सहज येत आणि मांडीवर जास्त वेळ बसत. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या माणसाळण्याचा, ही आजची समजूत या संशोधनातून पक्की झाली. दुसरा अभ्यास फिनलंडमधला. हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे सहा हजार मांजरांच्या मालकांकडून गोळा केलेली माहिती २०१७ साली प्रसिद्ध केली. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांत आक्रमकपणा जास्त आढळला, तर चौदा आठवड्यांनंतर दूर केलेल्यांत विनाकारण लोकर चोखणे, सतत अंग चाटणे अशा सवयी कमी होत्या. त्यांची शिफारस किमान चौदा आठवडे थांबण्याची होती. इंग्लंडमध्ये परवानाधारकाला आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. आठ ही किमान मर्यादा आहे. शक्य असेल तिथे दहा-बारा चांगले.

वरवर पाहता या दोन अभ्यासांत विरोध वाटतो. माणसाचा हात लवकर लागायला हवा, पण आई उशिरा सुटायला हवी. गांधीबागेतल्या गोदामाला हा विरोध सहज मिटवता येतो. पिल्ले आईजवळ गाठींमागेच राहू द्यावीत, आणि दुकानातल्या माणसांनी रोज थोडा वेळ त्यांना हातात घ्यावे, बोलावे, जवळ बसावे. वेगवेगळ्या तीन-चार माणसांनी हाताळले तर अधिक बरे, कारण एकाच माणसाची सवय झालेले पिल्लू इतरांना बिचकते. वरच्या मजल्यावरच्या मुलांनाही इथेच यायला सांगावे. आईला खायला आणि पाणी मिळत राहिले तर ती जागा सोडत नाही. मांजर पिल्लांना सात घरे दाखवते असे जुने लोक म्हणतात. प्रत्यक्षात ती जागा बदलते ती धोका वाटल्यावर, घाण झाल्यावर किंवा कुणी सारखी उलथापालथ केल्यावर. म्हणून पहिले दोन आठवडे पिल्लांना अजिबात हात लावू नये, त्या भागातल्या गाठी हलवू नयेत आणि त्यानंतरच सवय लावायला सुरुवात करावी.

आई दिसत नाही म्हणून पिल्ले टाकून दिलेली आहेत असे मानणे ही नेहमीची चूक. ती खाणे शोधायला जाते, आणि माणसे जवळ उभी असतील तर परतायची थांबते. काही तास दुरून लक्ष ठेवावे. पिल्ले शांत झोपलेली आणि पोट भरलेली दिसली तर आई येऊन जाते आहे असे समजावे. सतत ओरडणारी, अंगाला गार लागणारी पिल्ले मात्र खरोखर एकटी पडलेली असू शकतात. अशा वेळी आधी ऊब, मग आहार हा क्रम पाळावा लागतो, कारण गारठलेल्या पिल्लाच्या पोटात दूध पचत नाही. गाईचे दूध देऊ नये. त्यातली साखर पिल्लांना पचत नाही, जुलाब लागतात आणि एवढ्याशा जिवाचे पाणी काही तासांत कमी होते. मांजराच्या पिल्लांसाठी तयार मिळणारी दूधपावडर वापरावी. इतक्या लहान पिल्लाला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पाजावे लागते. दुकान सांभाळून हे एकट्याने होत नाही. घरात तशी माणसे नसतील तर लगेच पशुवैद्याकडे जाऊन सल्ला घेणेच योग्य.

पिल्लाचे वय सांगणारे कुणी नसते तेव्हा शरीर सांगते. चार आठवड्यांचे पिल्लू साधारण ४५० ग्रॅम भरते आणि पुढे दर आठवड्याला १०० ग्रॅमच्या आसपास वाढते. पावशेर-अर्धा किलो मोजणारा काटा या बाजारात कुठेही मिळतो. जन्माच्या वेळचा डोळ्यांचा निळा रंग सहाव्या-सातव्या आठवड्यात बदलू लागतो. आठव्या आठवड्यापर्यंत दुधाचे सगळे २६ दात आलेले असतात. एक किलोच्या जवळ पोचलेले, डोळ्यांचा रंग बदललेले, घट्ट अन्न स्वतः खाणारे आणि वाळूत जाऊन शी करणारे पिल्लू घरी नेण्याजोगे झाले असे म्हणता येते.

याच वयात एक धोका लपलेला असतो. आईच्या पहिल्या दुधातून आलेली प्रतिपिंडे पिल्लाचे रोगांपासून रक्षण करतात, पण तीच प्रतिपिंडे लसीलाही निष्प्रभ करतात. ती सहाव्या ते सोळाव्या आठवड्यादरम्यान कधीतरी ओसरतात, आणि नेमकी कधी हे पिल्लागणिक वेगळे असते. म्हणून पॅनल्युकोपेनिया, नागीण गटातला सर्दीचा विषाणू आणि कॅलिसी या तिघांविरुद्धची एकत्रित लस एकदा देऊन भागत नाही. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली मात्रा आणि मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत पुढच्या मात्रा, असा क्रम जागतिक पातळीवर मान्य आहे. रेबीजची लस साधारण बाराव्या आठवड्याला. हा क्रम पूर्ण होईपर्यंत पिल्लाला गच्चीवर, गल्लीत किंवा अनोळखी मांजरांत सोडू नये. गच्च्या एकमेकींना चिकटलेल्या वस्तीत ही अट पाळायला कठीण आहे, पण तिला पर्याय नाही. नागपुरात यासाठी फार दूर जावे लागत नाही. १९५८ साली स्थापन झालेले नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय सेमिनरी हिल्स भागात आहे. ज्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी ते जोडलेले आहे त्याचे मुख्यालयही याच शहरात आहे. पिल्लू घरी आणण्याच्या दिवशीच, घरी नेण्याआधी, त्याची तपासणी, जंताचे औषध आणि लसीची तारीख ठरवून घेणे सर्वांत सोयीचे.

आता घराचे पंचांग. कापडाच्या बाजारात वर्षाचे दोन कडक हंगाम असतात. एक नवरात्रापासून दिवाळीपर्यंतचा आणि दुसरा तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणाऱ्या लग्नसराईचा. या दिवसांत दुकान रात्री उशिरापर्यंत उघडे, घरातली माणसे खाली, जेवण वेळी-अवेळी, दारातून सतत ये-जा. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा थोडे थोडे खायला लागते आणि पहिले दोन आठवडे त्याच्याजवळ शांतपणे बसणारे माणूस लागते. हंगामात ते माणूस मिळत नाही.

दिवाळी तर पिल्लू आणण्यासाठी वर्षातला सर्वांत वाईट काळ. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, मांजराला ८५ हजारांपर्यंत. अरुंद गल्लीत फुटलेला सुतळी बॉम्ब दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आदळून घुमतो. घरात पणत्या जमिनीवर मांडलेल्या, रंगाचा वास, रांगोळीची पूड, फराळाच्या तेलाची कढई, आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकानाची दारे सताड उघडी. नव्या जागेची ओळख न झालेले पिल्लू आवाजाने बिथरते, उघड्या दारातून पळते आणि त्याला परतीची वाट माहीत नसते. दिवाळीची भेट म्हणून मुलांना पिल्लू देण्याची कल्पना गोड वाटते, पण तिची किंमत पिल्लाला मोजावी लागते.

यातला फसवा काळ म्हणजे पितृपक्ष. त्या पंधरवड्यात खरेदी थांबते, दुकान रिकामे असते आणि घरातल्यांना वेळ असतो. पिल्लू आणायला हीच वेळ चांगली, असे वाटू शकते. पण पितृपक्ष संपताच घटस्थापना होते, दसऱ्यानंतर सुमारे वीस दिवसांत दिवाळी येते. म्हणजे पिल्लू घराला रुळते न रुळते तोच गर्दी, आवाज आणि एकटेपण एकदम अंगावर येतात. शांत आठवडे किती आहेत एवढे पाहून चालत नाही, त्यांच्यामागून काय येते आहे तेही पाहावे लागते. साधारण आठ-दहा सलग शांत आठवडे समोर असावेत. तेवढ्यात पिल्लाच्या लसी पूर्ण होतात आणि घरातल्या कोणत्या कपाटामागे दडायचे हे त्याला कळते.

गांधीबागेच्या वर्षात असे दोन अवकाश सापडतात. पहिला संक्रांतीनंतरचा. संक्रांतीपर्यंत मात्र थांबावे, कारण नागपुरात त्या दिवसांत सगळे शहर गच्चीवर असते. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी तो दरवर्षी गच्च्यांवर आणि तारांवर लोंबकळताना दिसतोच. पक्ष्यांइतकाच तो मांजरांच्या पायांना आणि गळ्याला अडकतो. जानेवारीच्या शेवटापर्यंत ते सरते, थंडीचा कडाका कमी होतो आणि उन्हाला अजून अवकाश असतो. जानेवारीअखेर दहा आठवड्यांचे पिल्लू आणले तर मार्चच्या मध्याला त्याच्या लसी पूर्ण होतात आणि एप्रिलमध्ये ते पाच महिन्यांचे होते. मे महिना येतो तेव्हा ते चांगले धडधाकट झालेले असते. लग्नसराई याही दिवसांत चालू असते, एवढी अडचण राहते. ज्या घरात आजी-आजोबा किंवा दुकानात न जाणारे कुणी आहे, त्यांना ती फारशी जाणवत नाही.

दुसरा अवकाश आषाढाचा. देवशयनी एकादशीपासून लग्ने थांबतात, बाजार मंदावतो, कूलर बंद झालेले असतात. एप्रिलच्या अखेरीस जन्मलेले पिल्लू जुलैच्या सुरुवातीला दहा आठवड्यांचे असते, ऑगस्टच्या मध्याला त्याच्या लसी संपतात आणि दिवाळीपर्यंत ते सहा महिन्यांचे, घर ओळखणारे मांजर झालेले असते. मधे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबतींची मिरवणूक येते. काळी आणि पिवळी मारबत हे पुतळे १८८० च्या दशकापासून इतवारी-महालच्या रस्त्यांवरून निघतात, आणि त्या दिवशी या भागात ढोल-ताशे आणि माणसांचा पूर असतो. तोवर पिल्लाला घरात येऊन दोन महिने झालेले असतील तर आतल्या खोलीत दार लावून, खिडकीला चादर लावून तो दिवस निभावतो. पावसाळ्यात पिसवा आणि त्वचेची बुरशी जास्त होते, त्याकडे मात्र लक्ष द्यावे लागते. ही बुरशी पिल्लांकडून लहान मुलांना लागते आणि गोल चट्टे उठतात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांच्या हट्टापायी पिल्लू आणणारी घरे बरीच. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात, म्हणून सुट्टी लांब असते आणि मुले घरात असतात, हे खरे. पण नागपूरचा मे पिल्लासाठी कठीण आहे. मे २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मांजराचा पूर्वज वाळवंटी भागातला, त्यामुळे मोठे मांजर उष्णता बरीच सोसते. पिल्लाच्या शरीरात पाण्याचा साठाच थोडा. मांजराला घाम फक्त पंजांच्या तळव्यांना येतो, आणि तोंड उघडून धापा टाकणारे मांजर संकटात आहे असे समजावे. पत्र्याखालची वरची खोली दुपारी राहण्याजोगी नसते.

त्यात कूलर. खिडकीची तावदाने काढून बसवलेल्या कूलरच्या बाजूला फट राहते आणि पिल्लू त्यातून बाहेर पडते. टाकीत पाणी भरायचे झाकण उघडे राहिले की ते पाणी प्यायला वाकते आणि आत पडते. लोखंडी कूलरमध्ये वीज उतरून माणसे दगावल्याच्या बातम्या नागपुरात उन्हाळ्यात येतात, मग ओल्या जमिनीवरून चालणाऱ्या पिल्लाची काय कथा. उन्हाळ्यातच पिल्लू सांभाळायची वेळ आली तर कूलरच्या सगळ्या फटी जाळीने बंद कराव्यात आणि पिल्लाला तळमजल्यावरच्या थंड खोलीत ठेवावे. सुट्टी संपल्यावर दिवसभर त्याच्याजवळ कोण असेल हेही आधीच ठरवावे.

गच्ची आणि सज्जा यांचा विचार ऋतूंपलीकडचा आहे. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या पशुरुग्णालयातल्या पशुवैद्यांनी १९८७ साली उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद प्रसिद्ध केली. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली. हा आकडा मांजर कितीही उंचावरून पडले तरी वाचते याचा पुरावा म्हणून सांगितला जातो, पण ती दवाखान्यापर्यंत पोचलेली मांजरे होती. जागीच मेलेली त्यात मोजली गेली नाहीत. छातीला आणि जबड्याला मार, पाय मोडणे हे त्यांच्यातही सर्रास होते. पिल्लू येण्याआधी सज्ज्याला जाळी लागलेली असावी.

आहाराचा प्रश्न या वस्तीत सर्वांत अवघड आहे, आणि त्यावर मोकळेपणाने बोलले जात नाही. गांधीबाग-इतवारीत जैन, मारवाडी, गुजराती व्यापारी कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या स्वयंपाकघरात अंडेही येत नाही. जीवदया ही त्या घरांची श्रद्धा, म्हणून भुकेल्या पिल्लाला टाकवत नाही, आणि मांजर मात्र शरीरानेच मांसाहारी. टॉरिन हे द्रव्य त्याचे शरीर पुरेसे बनवू शकत नाही, ते प्राणिज अन्नातूनच मिळते. ते कमी पडले की हृदयाचा स्नायू कमजोर होऊन हृदय फुगते, हे अमेरिकेतल्या पॉल पायन यांनी १९८७ साली दाखवून दिले. त्यानंतर बाजारातल्या मांजरांच्या खाद्यात टॉरिन वाढवले गेले. डोळ्यांच्या पडद्यावरही त्याच्या अभावाचा परिणाम होतो. अ जीवनसत्त्वही मांजराला भाजीतल्या घटकांपासून तयार करता येत नाही. दूध-पोळीवर वाढलेले पिल्लू काही महिने बरे दिसते आणि मग आतून खचते. वाढत्या वयात तर ही उणीव भरून येत नाही.

म्हणून शाकाहारी घरात निर्णयाचा पहिला प्रश्न हाच असला पाहिजे की मासे किंवा कोंबडीचे तयार खाद्य घराच्या कोणत्या जागेत चालेल. स्वयंपाकघराबाहेर, जिन्याखाली किंवा मागच्या गॅलरीत वेगळी भांडी, वेगळी मांडणी, पुडीबंद कोरडे खाद्य आणि ते देणारी एक ठरलेली व्यक्ती, असा मार्ग निघू शकतो. घरातल्या वडीलधाऱ्यांशी हे बोलणे पिल्लू येण्याआधी झाले पाहिजे. ते आल्यावर, मुलांचा जीव जडल्यावर झालेला वाद सगळ्यांनाच दुखावतो. चातुर्मासात जैन घरांतले नियम अधिक कडक होतात, त्यामुळे आषाढाचा जो अवकाश इतरांना सोयीचा तोच या घरांना गैरसोयीचा ठरतो. त्यांनी संक्रांतीनंतरचा काळ निवडावा. आणि घरात कोणत्याही वाटेने मांसाहारी खाद्य चालणार नसेल, तर पिल्लू न आणणे हीच खरी दया. गोदामातल्या मांजरीच्या नसबंदीचा आणि पिल्लांच्या लसीचा खर्च उचलूनही जीवदया साधते.

उंदीर मारायला म्हणून पिल्लू आणणाऱ्यांनीही थोडे थांबावे. २०१८ मध्ये ब्रुकलिनमधल्या एका कचरा-प्रक्रिया केंद्रात संशोधकांनी ७९ दिवस मांजरे आणि उंदीर यांचे चित्रीकरण केले. त्या काळात मांजरांनी फक्त दोन उंदीर मारले. मांजराची खरी शिकार म्हणजे घरातले छोटे उंदीर. गोदामातल्या मोठ्या उंदराला आणि घुशीला ते टाळते, पिल्लू तर त्यांच्यासमोर टिकणारच नाही. मांजराच्या वावराने उंदीर जागा बदलतात हे खरे, पण गाठी जमिनीपासून उचलून ठेवणे आणि फटी बुजवणे याला ते पर्याय नाही. उंदरांसाठी विषाच्या गोळ्या टाकलेल्या गोदामाच्या घरात तर पिल्लू आणूच नये, कारण विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजरही मरू शकते.

कापडाच्या घराला आणखी एक धोका जोडलेला आहे, तो दोऱ्याचा. मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या दिशेने वळलेले असल्याने तोंडात गेलेला दोरा बाहेर थुंकता येत नाही, तो गिळलाच जातो. दोऱ्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठराशी अडकले की आतडे त्यावर चुण्यांसारखे गोळा होते आणि कापले जाते. शस्त्रक्रियेशिवाय यातून पिल्लू बहुधा वाचत नाही. जरीचा तुकडा, सुतळी, टाचणी, सुईसह दोरा, पॅकिंगची प्लॅस्टिक पट्टी हे सगळे पिल्लासाठी खेळणेच. साड्यांच्या पेट्यांत टाकलेल्या डांबरगोळ्या आणि फरशी पुसायचे फिनाईल हेही मांजराला विषारी. तापावर माणूस सहज घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते, कारण ते पचवणारी व्यवस्था त्याच्या यकृतात जवळजवळ नाही. पिल्लू आणण्याआधी एक खोली या सगळ्यापासून मोकळी करता आली पाहिजे. ती होत नसेल तर घर अजून तयार नाही.

घरात गर्भवती असेल तर नवे पिल्लू त्या काळात आणू नये. टोक्सोप्लाझ्मा हा सूक्ष्म परजीवी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो, आणि तो पहिल्यांदा झालेल्या संसर्गानंतर एक ते तीन आठवडेच पडतो. हा पहिला संसर्ग बहुधा लहान वयात होतो, म्हणून नवे पिल्लू अधिक धोक्याचे. घरात आधीपासून असलेले मांजर मात्र बाळ येणार म्हणून टाकून देण्याची गरज नाही. विष्ठेतले जंतू संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात, त्यामुळे मांजराच्या शी-लघवीचे भांडे दुसऱ्या कुणी रोज साफ केले तर धोका फार घटतो. अर्धवट शिजलेले मांस आणि न धुतलेला भाजीपाला यांतूनही हाच संसर्ग होतो. बाळ झाल्यावर पहिल्या वर्षात घरातल्या सगळ्यांची झोप आणि लक्ष बाळाकडे असते, तेव्हाही थांबलेले बरे. पाच वर्षांखालच्या मुलांना पिल्लू धरायचे कसे ते कळत नाही, आणि घाबरलेले पिल्लू चावते. चावा किंवा ओरखडा झाला तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखान्यात जावे. गांधीबागेजवळ सेंट्रल अव्हेन्यूवरच मेयो रुग्णालय आहे. घरात दम्याचा रुग्ण असेल तर पिल्लू आणण्याआधी मांजर असलेल्या घरी दोन-तीनदा जाऊन बसून पाहावे.

घरातले आधीचे मांजर नुकतेच गेले असेल तर ते कशाने गेले यावर पुढची वेळ ठरते. मांजरांचा पार्व्हो म्हणून ओळखला जाणारा पॅनल्युकोपेनिया घरात वर्षभरापर्यंत टिकतो, आणि साध्या फिनाईलने मरत नाही. ब्लीच पाण्यात एकास बत्तीस या प्रमाणात मिसळून फरशी आणि भांडी पुसावी लागतात. अशा घरात लस पूर्ण झालेले मांजरच आणावे, पिल्लू नाही. आजाराशिवाय, म्हातारपणाने गेलेल्या मांजरानंतर असा काही नियम नाही. त्या मांजराची जागा भरायची म्हणून आणलेल्या पिल्लाची सारखी तुलना होते, तेव्हा दुःख थोडे निवळू द्यावे. घरात म्हातारे मांजर असताना मात्र एकटे पिल्लू आणणे त्या मांजराला जड जाते. त्यापेक्षा दोन भावंडे एकत्र आणली तर ती एकमेकांशी खेळतात आणि म्हाताऱ्याला निवांत सोडतात. नव्याला पहिले दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे, आणि ओळख आधी वासाने, मग दाराच्या फटीतून व्हावी.

घरात ठेवलेले मांजर बारा-पंधरा वर्षे जगते. पाचवीत असलेल्या मुलासाठी आणलेले पिल्लू त्याच्या नोकरीच्या पहिल्या वर्षीही घरात असणार, आणि तो तेव्हा पुण्यात किंवा हैदराबादला असेल. इमारत पाडून नवी बांधण्याची बोलणी चालू असतील, भाड्याच्या घराची मुदत संपत आली असेल, तर ते मिटेपर्यंत थांबावे. प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमाने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याची शिक्षा अजून दहा ते पन्नास रुपये दंडाएवढीच आहे, आणि ती बदलायला हवी.

शेवटचा निर्णय पिल्लू येण्याआधीच नोंदवून ठेवायचा असतो, तो नसबंदीचा. मांजरी चार महिन्यांच्या वयापासूनही माजावर येऊ शकते. गर्भकाळ साधारण नऊ आठवड्यांचा, एका वेळी सरासरी चार पिल्ले, आणि पिल्ले अंगावर असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. दिवस मोठे असताना मांजरे अधिक माजावर येतात, पण आपल्याकडे थंडीतही दिवस फार लहान होत नाही, त्यामुळे वर्षातून दोन-तीन वेळा पिल्ले होतात. म्हणून पाच महिन्यांच्या वयाआधी नसबंदी करावी, बोक्याचीही. संक्रांतीनंतर आणलेल्या पिल्लासाठी ही वेळ मे महिन्याआधी येते, आषाढात आणलेल्यासाठी नवरात्राआधी. त्याच फेरीत गोदामातल्या आईलाही, तिचे दूध आटल्यावर, पिंजऱ्यातून न्यावे आणि टाके भरल्यावर तिच्या गाठींमागच्या जागी परत आणून सोडावे.